पहिला नंबर कोणत्या दुकानात?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे एका जुन्या घराण्याचे मोडी कागदांचे दोन रुमाल आले. मालकांनी ते पंधरा दिवसांच्या बोलीने दिले होते. तेवढ्या मुदतीत पानन् पान छायाचित्रात उतरवून घ्यावयाचे आणि रुमाल जसेच्या तसे परत करावयाचे. विभागाकडे कॅमेरा नव्हता. थोडे पैसे मंजूर झाले आणि मग प्रश्न उभा राहिला, घ्यावयाचा तरी कोणता?

आमचे एक सहकारी म्हणाले, "त्यात विचार कसला करता? सर्वांत जास्त खपतो तो घ्या. इतकी माणसे काय उगीच घेतात?" दुसऱ्या दिवशी ते खपाची एक यादी घेऊन आले. कॅमेऱ्यांचे माहेर जपान, म्हणून यादीही जपानची. तीत पहिल्या नंबरावर एक लहानसा, हलका, दोन लेन्सांसकट मिळणारा कॅमेरा होता. आमचा एक विद्यार्थी तिथेच उभा होता. तो म्हणाला, "सर, माझ्याकडेही यादी आहे, पण हा कॅमेरा तिच्यात पहिल्या दहांतही नाही." त्याच्या यादीतला पहिला कॅमेरा सहकाऱ्यांच्या कॅमेऱ्याच्या जवळजवळ चौपट किमतीचा, आणि तोही लेन्सशिवाय! दोन्ही याद्या एकाच देशाच्या, एकाच महिन्याच्या. मी दोन्ही नीट तपासल्या. खोटी एकही नव्हती.

आता हे कसे? इतिहासाच्या मास्तराला असे काही दिसले की त्याला राहवत नाही. एकाच लढाईच्या दोन बखरींत दोन वेगळे आकडे सापडले तर आम्ही प्रथम विचारतो, बखरकार बसला होता कोणाच्या पदरी? इथेही तोच प्रश्न विचारावयाचा. यादी करणारा कोणत्या दुकानाच्या गल्ल्याशी बसला होता?

तुम्हा शेतकरी मंडळींना हे वेगळे सांगायला नको. लासलगावचा कांद्याचा भाव हा लासलगावचा भाव. तो खराच असतो, पण तुमच्या गावच्या आठवडी बाजारात बायाबापड्या कोणता कांदा नि किती घेतात, हे त्यावरून कळत नाही. कॅमेऱ्याच्या याद्यांचे तसेच आहे. फरक एवढाच की कांद्याच्या भावाखाली बाजाराचे नाव छापतात आणि जाहिरातीतल्या "पहिल्या नंबरा"खाली दुकानाचे नाव फार बारीक अक्षरात असते.

तेव्हा आधी दुकानांची ओळख करून घेऊ. १९६० साली टोकियोच्या शिबुया भागात फुजिसावा नावाच्या गृहस्थांनी छायाचित्रणाच्या सामानाचे एक दुकान काढले. पुढे ते शिंजुकूला गेले. शिंजुकूच्या पश्चिमेकडील त्या भागाला योदोबाशी म्हणत. १९३२ ते १९४७ या काळात टोकियोत या नावाचा एक स्वतंत्र प्रभागच होता. प्रभाग गेला, पण दुकानाने नाव उचलले आणि 'योदोबाशी कॅमेरा' म्हणून ते आज जपानभर माहीत आहे. शिंजुकूचे रेल्वे स्थानक म्हणजे जगातले सर्वांत गर्दीचे स्थानक. करोनाच्या साथीपूर्वी तिथून रोज तीस लाखांहून अधिक माणसे ये-जा करीत. अशा ठिकाणी दुकान मांडले की गिऱ्हाईक हुडकावे लागत नाही, ते वाहूनच येते. किंमत थोडी कमी ठेवावयाची, माल भरपूर ठेवावयाचा, आणि घेणाऱ्याला किमतीच्या सुमारे दहा टक्के गुण त्याच्या कार्डावर लिहून द्यावयाचे. पुढच्या खरेदीत ते गुण पैशासारखे वापरता येतात. म्हणजे आज कॅमेरा घेतला की उद्या लेन्स घ्यायला पाय आपोआप तिकडेच वळावा! २००१ साली ओसाकाच्या उमेदा भागात आणि २००५ साली टोकियोच्या अकिहाबारात त्यांची प्रचंड दुकाने उघडली, तीही स्थानकांना लागूनच.

१९७८ साली 'बिक कॅमेरा' ही दुसरी पेढी उभी राहिली. तिचीही रीत थोडीफार हीच. नावात कॅमेरा असला तरी आज या दोन्ही दुकानांत फ्रीजपासून खेळण्यांपर्यंत सर्व काही मिळते.

'कितामुरा'ची गोष्ट मात्र अगदी निराळी. हे दुकान राजधानीचे नाही. शिकोकू बेटावरच्या कोची शहरात १९३४ साली ते निघाले. त्याच्या शाखा पुढे लहान लहान गावांत पोचल्या. इथे येणारा माणूस छायाचित्रे छापून घ्यायला येतो, मुलांचा फोटो काढायला येतो, जुना कॅमेरा देऊन नवा न्यायला येतो. याच पेढीची मुलांच्या छायाचित्रांची 'स्टुडिओ मारिओ' नावाची दालने आहेत. जपानात शाळेचे वर्ष एप्रिलात सुरू होते. पोरगे पहिलीत जाणार, प्रवेशाचा समारंभ होणार, पुढे शाळेचा क्रीडादिन येणार, आणि धावणाऱ्या मुलाचा फोटो मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून काढावा लागणार. अशा आईबापांना दोन लेन्सांचा तयार संच हवा असतो, एक जवळची, एक लांबची. कॅनन कंपनीने हे फार आधी ओळखले होते. १९९३ साली, फिल्मच्या जमान्यात, तिने घरगुती गिऱ्हाइकासाठी हलका कॅमेरा काढला आणि त्याला नाव दिले 'ईओएस किस'. किस म्हणजे चुंबन! पाश्चात्त्य देशांत हे नाव वापरले नाही, तिथे त्याची नावे निराळी. पण जपानच्या आयांना ते आवडले. २००३ साली त्या नावाचा डिजिटल कॅमेरा आला आणि नाव पुढेही टिकले.

चौथे दुकान 'मॅप कॅमेरा'. १९९४ पासून शिंजुकूतच. हे वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या देवघेवीवर वाढले. इथले गिऱ्हाईक हौशी असते, जाणकार असते. त्याच्या घरी आधीच तीन कॅमेरे असतात आणि त्यांतले दोन विकून चौथा घ्यावयाचा असतो. त्याच्याकडे लेन्सा आहेत, म्हणून तो कॅमेरा नुसता घेतो, लेन्सशिवाय. आमच्या विद्यार्थ्याच्या यादीचे कोडे इथे अर्धे सुटले, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल.

दुकाने झाली. आता मोजणी. पूर्वी कोणता माल किती खपला हे कळावयाचे कसे? दुकानदाराला विचारून. आणि दुकानदार सांगणार आठवेल ते, किंवा त्याला सोयीचे ते. अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' या संगीताच्या साप्ताहिकाची लोकप्रिय तबकड्यांची यादी कित्येक वर्षे अशीच दुकानदारांना विचारून तयार होत असे. २५ मे १९९१ च्या अंकापासून त्यांनी दुकानांतील यंत्रांची नोंद घ्यायला सुरुवात केली. काय झाले? ग्रामीण ढंगाचे संगीत आणि रॅप संगीत, ज्यांची नावे दुकानदारांच्या तोंडी कमी येत, ती याद्यांत एकाएकी वर चढली. लोकांची आवड एका आठवड्यात काही बदलली नव्हती. ती मोजणाऱ्याच्या नजरेत आता आली, इतकेच.

ही यंत्रे म्हणजे वस्तूवरच्या काळ्या पट्ट्या वाचणारी यंत्रे. अशी पट्टी दुकानात पहिल्यांदा वाचली गेली ती २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी. आणि वस्तू कोणती, तर च्युइंग गमचे पाकीट. १९७८ साली जपानने या पट्ट्यांची आंतरराष्ट्रीय पद्धत स्वीकारली. १९८२ साली तिथल्या सेव्हन-इलेव्हन दुकानांनी प्रत्येक विक्रीची यंत्रावर नोंद ठेवावयाची रीत सुरू केली. त्याच्या एकच वर्ष आधी, १९८१ साली, संगणकाच्या धंद्याची बातमीपत्रे काढणारी 'बीसीएन' नावाची संस्था स्थापन झाली होती. बीसीएन म्हणजे 'बिझनेस कॉम्प्युटर न्यूज'. आज कॅमेऱ्यांच्या खपाविषयी जपानी वर्तमानपत्रांत जो आकडा येतो, तो पुष्कळदा याच संस्थेचा असतो. अनेक दुकान-साखळ्यांच्या गल्ल्यांवरची रोजची नोंद तिच्याकडे जमा होते. त्यावरून ती आठवड्याच्या याद्या काढते आणि दर जानेवारीत मागच्या वर्षी ज्यांचा खप सर्वाधिक झाला त्या कंपन्यांना पुरस्कार देते.

संगणकाच्या बातमीपत्राने कॅमेरे का मोजावेत, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण १९९५ सालात आहे. त्या वर्षी मार्चमध्ये कॅसिओ कंपनीने 'क्यूव्ही-१०' हा कॅमेरा ६५,००० येनांना बाजारात आणला. मागे छोटा पडदा होता, काढलेला फोटो तिथल्या तिथे दिसे. फोटो म्हणाल तर पत्त्याच्या चौकटीएवढा धूसर, अवघ्या अडीच लाख ठिपक्यांचा. पण कॅसिओ ही घड्याळे आणि आकडेमोडीची यंत्रे करणारी कंपनी, आणि या कॅमेऱ्यातला फोटो जावयाचा संगणकात. तेव्हापासून कॅमेरा हा दोन घरचा पाहुणा झाला. छायाचित्रणाच्या दुकानातही तो आहे आणि विजेच्या मालाच्या दुकानातही आहे. जो विजेच्या दुकानात मोजतो त्याला एक कॅमेरा दिसतो, जो छायाचित्रणाच्या दुकानात मोजतो त्याला दुसरा.

आता खरी मेख ऐका. बीसीएनकडे पुष्कळ दुकाने आपली नोंद देतात, बिक कॅमेरासारख्या मोठ्या साखळ्याही देतात. पण योदोबाशी तिच्यात नाही! देशातल्या कॅमेऱ्याच्या सर्वांत नावाजलेल्या दुकानांपैकी एक त्या मोजणीच्या बाहेर. योदोबाशीची लोकप्रिय कॅमेऱ्यांची यादी वेगळी निघते, पंधरवड्याची. मॅप कॅमेरा आपली यादी आपणच काढतो, महिन्याची, आणि तीही दोन, नव्या मालाची एक आणि वापरलेल्या मालाची एक.

मग कोणाच्या यादीत काय दिसते? २०१८ साली आलेला कॅननचा 'ईओएस किस एम' हा आरसा नसलेला, ज्याला मिररलेस म्हणतात त्या जातीचा कॅमेरा, दोन लेन्सांच्या संचासह, बीसीएनच्या मिररलेस याद्यांत दीर्घकाळ शिखरावर होता. त्याच जागी पुढे सोनीचा 'झेडव्ही-ई१०', कॅननचा 'आर५०' असे नवशिक्यांचे कॅमेरे वरवर दिसू लागले. मॅप कॅमेऱ्याच्या याद्या उघडा. तिथे सोनीचा 'अल्फा ७ मार्क फोर', निकॉनचे 'झेड ८' आणि 'झेड एफ', फुजिफिल्मचा 'एक्स१००' घराण्यातला कॅमेरा, रिकोचा 'जीआर'. हा निराळाच गाव. योदोबाशीची यादी या दोहोंच्या मधली, पण झुकाव जाणकारांकडे.

खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत तर हा फरक हसू यावे इतका. २०२४ च्या सुमारास बीसीएनच्या याद्यांत या जातीत सर्वांत वर कोण होते? कोडॅकचे नाव लावलेला 'पिक्सप्रो एफझेड५५'. कोडॅकचे नाव लावलेला असे मुद्दाम म्हणतो, कारण हा कॅमेरा जुन्या कोडॅक कंपनीचा नाही. जेके इमेजिंग नावाच्या कंपनीने ते नाव वापरण्याचा परवाना घेतला आहे. किंमत वीस हजार येनांच्या आसपास. त्याच वर्षी मार्चमध्ये फुजिफिल्मचा 'एक्स१००व्हीआय' बाजारात आला, सुमारे २ लाख ८० हजार येनांना, आणि जाणकारांच्या दुकानांत त्याच्यावर उड्या पडल्या. दोघेही कागदोपत्री एकाच जातीचे, दोघांचीही लेन्स न निघणारी! एक आजी नातवाला देते, दुसरा नातू आजीपासून किंमत लपवून घेतो.

मोजण्याची पद्धत आणखी एक घोळ घालते. एकच कॅमेरा नुसता मिळतो, एका लेन्ससह मिळतो, दोन लेन्सांसह मिळतो. त्यात काळा, पांढरा, चंदेरी हे रंग. प्रत्येकाची काळी पट्टी वेगळी. कोणी ही सगळी भावंडे वेगवेगळी मोजतो, कोणी एका घरात धरतो. वेगवेगळी मोजली की चार रंगांत विभागलेला लोकप्रिय कॅमेरा चार ठिकाणी खाली जाऊन बसतो आणि एकाच संचात, एकाच रंगात खपणारा कॅमेरा मिशीला पीळ देत वर येतो. बीसीएन दोन्ही प्रकारच्या याद्या काढते. पण जाहिरातवाला कोणती उचलेल हे सांगायला ज्योतिषी नको.

काळाचेही तसेच. जाणकार गिऱ्हाईक नवा कॅमेरा जाहीर झाल्याबरोबर पैसे बांधून ठेवते आणि विक्रीच्या पहिल्या दिवशी सगळ्यांचे डबे एकदम हाती पडतात. त्या महिन्यात तो कॅमेरा पहिला. तीन महिन्यांनी पाहाल तर सहावा. घरगुती दुकानात याच्या उलट. तिथे नवेपणाचे कौतुक कमी, वर्षाअखेरीस जुन्या मॉडेलचा भाव उतरला की तेच यादीत चढते.

आणि जो माल दुकानात नाहीच तो मोजणार कोण? २०२१ साली जगभर इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची टंचाई झाली. सोनीचा 'झेडव्ही-ई१०' त्याच सप्टेंबरात आलेला, मागणी जोरात. आणि डिसेंबरच्या आरंभी कंपनीने जाहीर केले की आता नव्या मागण्या घेणे थांबवीत आहोत. अशा वेळी यादीत तो खाली घसरला तर लोकांचे मन उडाले असे समजावयाचे काय? फुजिफिल्मच्या 'एक्स१००व्ही'चे तर असे झाले की तरुण मुलांनी मोबाईलवरच्या चित्रफितींतून त्याचे इतके कौतुक केले की २०२२-२३ मध्ये तो कुठे मिळेना. ज्याची सर्वांत जास्त लोक वाट पाहत होते तो कॅमेरा नव्या मालाच्या यादीत दिसावयाचा नाही, आणि वापरलेल्या मालाच्या बाजारात मात्र मूळ किमतीहून चढ्या भावाने विकला जावयाचा. मोजदाद होते ती गिऱ्हाइकाच्या हातात पडलेल्या डब्याची. तो मनातून काय मागत होता याची नोंद कोणत्याच गल्ल्यावर नसते.

अलीकडे त्यात परदेशी पाहुण्यांची भर पडली आहे. २०२४ साली ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी प्रवासी जपानात गेले. येनचा भाव घसरलेला, आणि प्रवाशांना खरेदीवर करही माफ. शिंजुकू, गिंझा, अकिहाबारा इथल्या मोठ्या दुकानांत पासपोर्ट दाखवून कॅमेरा घेणाऱ्यांची रांग लागली. म्हणजे टोकियोच्या दुकानाची यादी ही आता टोकियोकरांचीच आवड दाखवते असेही म्हणवत नाही. कोचीच्या शाखेत मात्र अजून शेजारच्या गल्लीतली आईच येते.

तुम्ही म्हणाल, दुकानदारांच्या या गमतीजमती ऐकून आम्हाला काय करावयाचे? पण याद्यांवर माणसांची पोटे असतात. ऑलिम्पसची हकिगत ऐका. या कंपनीने कॅमेऱ्याचा धंदा १९३६ साली सुरू केला. डिजिटल काळात तिचे 'पेन' मालिकेतले लहान, देखणे, हलके कॅमेरे जपानात घरोघर गेले. २०१८ च्या आरंभी बीसीएनने मागच्या वर्षीच्या खपावर पुरस्कार दिले, तेव्हा मिररलेस विभागात पहिला नंबर ऑलिम्पसचा होता. कॅननही मागे, सोनीही मागे! वर्तमानपत्रांत छापून आले, डब्यांवर पदक छापावयाची सोय झाली. आणि मग २४ जून २०२० रोजी ऑलिम्पसने जाहीर केले की कॅमेऱ्याचा धंदा आम्ही विकत आहोत. सलग तीन वर्षे त्या विभागात तोटा होता. १ जानेवारी २०२१ पासून तो धंदा 'ओएम डिजिटल सोल्यूशन्स' या नव्या कंपनीच्या नावावर गेला. चौऱ्याऐंशी वर्षांचे घर असे मोडले.

पहिला नंबर मिळालेल्याला तीन वर्षांत दुकान का गुंडाळावे लागले? तोट्याची कारणे अनेक असतील. मोबाईलने सगळाच धंदा खाल्ला होता हे तर उघड आहे. पण ती यादी काय मोजत होती ते पाहा. ती नग मोजत होती, आणि तेही एकाच देशातल्या काही दुकानांतले. स्वस्त संचाचा एक नग आणि व्यावसायिकाच्या महागड्या कॅमेऱ्याचा एक नग यांना तिथे सारखेच मत. गल्ल्यावर पावत्या किती फाटल्या हे यादी सांगते, गल्ल्यात उरले किती हे सांगत नाही. निकॉनकडे पाहिले की हे जास्त स्पष्ट होते. बीसीएनच्या याद्यांत त्या काळात निकॉन बराच मागे होता. मार्च २०२१ अखेरच्या वर्षात त्याच्या कॅमेरा विभागाला मोठा तोटाही झाला. कंपनीने ठरवले की यापुढे व्यावसायिक आणि हौशी जाणकार यांच्याकडे लक्ष द्यावयाचे, आणि डिसेंबर २०२१ मध्ये 'झेड ९' हा महागडा कॅमेरा आणला. पुढच्याच आर्थिक वर्षात तो विभाग पुन्हा नफ्यात आला. नगांच्या यादीत पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नसता. मॅप कॅमेऱ्याच्या गल्ल्याशी बसलेल्याला लागला असता!

माझे मत विचाराल तर ऑलिम्पसच्या लोकांना हे कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. जमाखर्च त्यांच्यासमोर होताच. फसले असतील तर ते ज्यांनी बाहेरून नुसती यादी वाचली ते गिऱ्हाईक. पहिल्या नंबराची कंपनी बुडायची नाही, या भरवशावर ज्यांनी दोन दोन लेन्सा घेऊन ठेवल्या त्यांची त्या जूनमधली रात्र कशी गेली असेल! सुदैवाने नव्या कंपनीने धंदा बंद केला नाही, कॅमेरे अजून निघतात.

धंदाच एवढासा झाला आहे की प्रत्येक दुकानाचे वजन आता जास्त भासते. जपानी कॅमेरा कारखानदारांची 'सीआयपीए' ही संघटना २००२ पासून कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालाचे आकडे जमवते. २०१० साली १२ कोटी १५ लाखांच्या घरात डिजिटल कॅमेरे बाहेर पडले होते. २०२३ साली ७७ लाख. सोळा कॅमेऱ्यांच्या जागी एक! हे आकडेही कारखान्याच्या दारावरचे, म्हणजे दुकानाकडे निघालेल्या मालाचे. गिऱ्हाइकाच्या हातातले नव्हेत. असे असले तरी ते कोणा एका दुकानाचे नाहीत, हा त्यांचा गुण. ढीग मोठा होता तेव्हा एखाद्या दुकानाने बाजूला बसून मोजले तरी साधारण चित्र तेच निघे. ढीग आटला आणि घरगुती गिऱ्हाईक मोबाईलकडे गेले. उरले ते बहुधा जाणकार, आणि जाणकार ठरावीक दुकानांतच जातात. त्यांतले मोठे दुकान मोजणीबाहेर राहिले तर चित्र किती तिरपे होईल, याचा अंदाज करा.

आता आमच्या मोडी रुमालांचे काय झाले ते सांगून टाकतो. मी सहकाऱ्यांना म्हणालो, या दोन्ही याद्यांत मोडी कागदांचे फोटो काढणारे गिऱ्हाईक एकही नसणार. आम्हाला धावणारे पोर टिपावयाचे नव्हते, की मित्रांना दाखवायचा डौलही नको होता. हवी होती कागदाच्या अगदी जवळून रेखीव चित्र घेणारी एक लेन्स, कॅमेरा सरळ खाली तोंड करून बसवता येईल असा स्टँड, आणि दोन बाजूंनी सारखा पडणारा उजेड. पुण्यात एका दुकानात पाच-सहा वर्षांचा, वापरलेला, आरसा असलेला एक कॅमेरा मिळाला. कोणत्याही चालू यादीत त्याचे नाव नाही. त्याच्या किमतीहून लेन्सच महाग पडली. स्टँड आमच्या शिपायाने भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या मोडक्या घोडीचा करून दिला. दिवसाला सुमारे दोनशे पाने या हिशेबाने बाराव्या दिवशी काम संपले आणि रुमाल मुदतीच्या आत मालकांच्या घरी पोचले.

दुकानदाराने पावती केली तेव्हा मी सहज विचारले, "हा कॅमेरा तुमच्याकडे किती खपतो हो?" तो म्हणाला, "या महिन्यात तुमचाच पहिला."